गर्भाशय-आकुंचक औषधांचे अध्यापन : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात विद्यार्थी औषधशास्त्र शिकतो. प्रजननसंस्थेवर कार्य करणाऱ्या औषधांचे प्रकरण या विषयात संप्रेरकांच्या विभागाच्या अखेरीस येते. गर्भनिरोधक गोळ्या, वंध्यत्वावरील औषधे, स्त्रीसंप्रेरके असा प्रवास करून अध्यापक गर्भाशयाचे आकुंचन घडविणाऱ्या आणि ते थांबविणाऱ्या औषधांपर्यंत पोहोचतो, तेव्हा तासिका संपत आलेली असते. फळ्यावर एक तक्ता काढला जातो. ऑक्सिटोसिन, मेथिलअर्गोमेट्रिन, कार्बोप्रोस्ट, मिसोप्रोस्टॉल अशी चार नावे, त्यांपुढे मात्रा आणि निषेध. विद्यार्थी तो तक्ता पाठ करतो व परीक्षेत टीप लिहून मोकळा होतो.

या तक्त्याचे महत्त्व मात्र पाच गुणांच्या टिपेपेक्षा पुष्कळ मोठे आहे. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००१ ते २००३ या काळात देशातील मातामृत्यूंपैकी सुमारे ३८ टक्के मृत्यू रक्तस्रावामुळे घडले होते. त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली. दर एक लाख जिवंत जन्मांमागे होणाऱ्या मातामृत्यूंचे प्रमाण महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. देशाचे प्रमाण याच काळात २५४ वरून ९७ पर्यंत उतरले. ही घट अनेक कारणांनी झाली. संस्थात्मक प्रसूती वाढल्या, रस्ते झाले, रुग्णवाहिका आल्या, मुलींची लग्ने काहीशी उशिरा होऊ लागली. पण प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत योग्य औषध योग्य मार्गाने दिले जाणे, हे त्या साखळीतील शेवटचे आणि सर्वांत नाजूक कडे होय.

प्रस्तुत लेखात या औषधगटाचे स्वरूप, त्यांचा इतिहास आणि त्यांच्या वापरातील धोके यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. हे विवेचन अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या संदर्भात केले आहे. त्यामागे केवळ स्थानिक अभिमान नाही. बाजरी, दुभती जनावरे, ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर आणि उन्हाळ्यातील चाळीस अंशांचे तापमान या चारही गोष्टींचा या औषधगटाशी प्रत्यक्ष संबंध आहे आणि त्या चारही या जिल्ह्यात आहेत. वाचकांपैकी अनेक अध्यापक वैद्यकशास्त्राचे नाहीत, याची जाणीव ठेवून पारिभाषिक संज्ञांचा वापर आवश्यक तेवढाच केला आहे.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि स्नायूंची गाठ :

पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटास सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. बाळाचा जन्म झाल्यावर वार सुटते. ज्या जागेपासून ती सुटते, तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. या उघड्या वाहिन्या निसर्ग रक्त गोठवून बंद करतो, असा सर्वसाधारण समज असतो. तो अपुरा आहे. गर्भाशयाच्या भिंतीतील स्नायुतंतू एकमेकांना छेदून आडवेतिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून गेलेल्या असतात. गर्भाशय घट्ट आकुंचन पावले की ही वीण आवळली जाते व वाहिन्या जागच्या जागी बांधल्या जातात. प्रसूतिशास्त्राचे अध्यापक यास ‘जिवंत गाठ’ म्हणतात. रक्त गोठण्याची क्रिया त्यानंतर आपले काम करते.

गर्भाशय सैल राहिले तर ही गाठ बसत नाही. प्रसूतीनंतर चोवीस तासांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव झाल्यास त्यास प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणावे, अशी रूढ व्याख्या आहे. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा आणखी अलीकडे आणली. ३०० मिलिलिटर रक्त गेले आणि नाडी वा रक्तदाब यांत बिघाड दिसला, तर उपचार सुरू करावेत, असे नव्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. कारण उघड आहे. उपचार न मिळाल्यास तीव्र रक्तस्रावाने सुमारे दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. जामखेडहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरी वाड्यांतून तर पहिले काही किलोमीटरच अधिक वेळ घेतात. दोन तासांचा हिशेब येथे पुस्तकी राहत नाही.

आकुंचनाची रासायनिक यंत्रणा थोडक्यात सांगता येते. ऑक्सिटोसिनचा रेणू स्नायुपेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटतो. त्यामुळे पेशीच्या आत संदेशांची एक मालिका सुरू होते, साठवणुकीतील कॅल्शियम मोकळे होते आणि ते कॅल्शियम आकुंचन घडविणाऱ्या प्रथिनांना कार्यप्रवृत्त करते. प्रोस्टाग्लँडिन गटातील औषधांचा ग्राही निराळा, परंतु शेवट पुन्हा कॅल्शियमपाशीच. निफेडिपीनसारखे कॅल्शियमचा प्रवेश रोखणारे औषध अवेळी येणाऱ्या कळा का थोपविते, याचे उत्तरही येथेच मिळते. कळा थोपविण्याचा हेतू प्रसूती महिनाभर लांबविणे हा नसतो. बाळाच्या फुफ्फुसांची वाढ व्हावी म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शने द्यावयाची आणि त्यांचा परिणाम होण्यापुरते दोन दिवस मिळवावयाचे, एवढाच तो असतो. विद्यार्थी हे नेमके विसरतात.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ऑक्सिटोसिनच्या ग्राहींची संख्या स्थिर नसते. गरोदरपणाच्या आरंभी त्या अल्प असतात आणि दिवस भरत येतात तशा त्या अनेक पटींनी वाढतात. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात जवळपास निष्प्रभ ठरणारे औषध नवव्या महिन्यात अत्यंत प्रभावी होते. याउलट प्रोस्टाग्लँडिन गटाची औषधे गरोदरपणाच्या कोणत्याही टप्प्यावर गर्भाशयाचे आकुंचन घडवू शकतात. या एका फरकातून दोन्ही गटांच्या उपयोगांतील आणि कायदेशीर नियंत्रणांतील भेद समजून घेता येतो.

राय, बाजरी आणि अरगट :

या औषधगटाचा इतिहास धान्यावरील एका बुरशीपासून सुरू होतो. युरोपात राय या धान्याच्या कणसांत अरगट नावाची काळसर, कठीण वाढ होते. तेथील सुइणी ती कळा वाढविण्यासाठी देत असत. १८०८ मध्ये अमेरिकेतील जॉन स्टर्न्स या डॉक्टरांनी या भुकटीची शिफारस वैद्यकीय नियतकालिकात केली आणि तिला ‘प्रसूती घडविणारी भुकटी’ अशी ख्याती मिळाली. ही ख्याती टिकली नाही. अवघ्या सोळा वर्षांनी, १८२४ मध्ये, डेव्हिड हॉसॅक यांनी तिला ‘मृत्यूची भुकटी’ म्हटले. अरगटाने येणारे आकुंचन कळेसारखे येऊन ओसरणारे नसते. ते सलग, ताठर असते. बाळ अद्याप आत असताना असे आकुंचन आले तर बाळाचा प्राणवायू तुटतो आणि गर्भाशय फाटण्याचाही धोका असतो. म्हणून ही भुकटी केवळ प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठीच वापरावी, असे हॉसॅक यांनी बजावले. दोनशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आजही मेथिलअर्गोमेट्रिनच्या बाबतीत जसाच्या तसा लागू आहे.

अरगटातील नेमका प्रभावी घटक शोधण्यास शतकाहून अधिक काळ गेला. लंडनमधील चासर मॉयर आणि हॅरोल्ड डडली यांनी १९३५ मध्ये अर्गोमेट्रिन वेगळे केले. त्याच वर्षी इतर प्रयोगशाळांनीही तो घटक स्वतंत्रपणे मिळविला. त्याचाच सुधारित भाऊबंद असलेले मेथिलअर्गोमेट्रिन आपल्याकडे ०.२ मिलिग्रॅमच्या इंजेक्शनच्या रूपात सर्वत्र आढळते. ते रक्तवाहिन्याही आकुंचित करते, त्यामुळे उच्च रक्तदाब, गरोदरपणातील विषबाधा आणि हृदयरोग असलेल्या स्त्रियांना ते देऊ नये.

आता आपल्या बाजरीकडे वळू. नगर, पारनेर, पाथर्डी, शेवगाव या भागांत बाजरी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे खरिपाचे पीक आहे. फुलोऱ्याच्या वेळी आभाळ ढगाळ आणि हवा दमट राहिली, तर कणसांतून मधासारखा चिकट द्राव पाझरतो आणि पुढे दाण्याच्या जागी गडद रंगाचे कठीण पिंड तयार होतात. शेतकरी यालाही अरगटच म्हणतो. बियाणे वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे हलके, रोगट बी काढून टाकण्याची कृषी विद्यापीठांची शिफारस प्रत्येक बाजरी उत्पादकाच्या परिचयाची आहे.

विद्यार्थ्याच्या मनात सहज प्रश्न येतो, की मग बाजरीच्या अरगटापासूनही अर्गोमेट्रिन मिळते काय? नाही. रायवरील बुरशी आणि बाजरीवरील बुरशी एकाच कुळातील असल्या तरी जाती भिन्न आहेत. बाजरीच्या अरगटात क्लॅव्हिन गटातील अल्कलॉइडे असतात. अशी बाजरी खाल्ल्याने मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. रायच्या अरगटाने मध्ययुगीन युरोपात बोटे झडत, तसा प्रकार येथे आढळत नाही. एकाच नावाच्या दोन वस्तू औषधशास्त्रीय दृष्टीने किती भिन्न असू शकतात, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण या जिल्ह्यातील वर्गात मिळणार नाही.

पान्ह्याचे संप्रेरक :

गंमत अशी की ऑक्सिटोसिनचा शोधही अरगटाच्याच वाटेवर लागला. हेन्री डेल हे इंग्रज शास्त्रज्ञ अरगटाच्या शारीरिक परिणामांचा अभ्यास करीत होते. १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी नोंदविले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागाचा अर्क मांजरीच्या गर्भाशयाचे आकुंचन घडवितो. १९०९ पर्यंत हा अर्क प्रसूतिगृहात पोहोचला होता. त्यातील संप्रेरक अवघ्या नऊ अमिनो आम्लांचे असल्याचे व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी दाखविले आणि १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू एक प्रकारे छोटे प्रथिनच होय. त्यामुळे तोंडाने घेतल्यास पचनसंस्थेतील विकर त्याचे तुकडे करतात. रक्तातही तो काही मिनिटांतच निम्मा होतो. शरीरातील पाणी राखून ठेवणाऱ्या संप्रेरकाशी त्याचे इतके साम्य आहे, की नऊपैकी केवळ दोन अमिनो आम्ले वेगळी आहेत. म्हणून साध्या ग्लुकोजच्या पाण्यातून त्याची मोठी मात्रा दीर्घकाळ दिल्यास शरीरात पाणी साचून सोडियम घटते आणि झटके येऊ शकतात.

दूध उतरण्याच्या क्रियेत हेच संप्रेरक काम करते. मराठीत या क्रियेला ‘पान्हा’ असा नेमका आणि सुंदर शब्द आहे. वासराने आचळाला तोंड लावले की संवेदना मेंदूकडे जाते, पीयूषिकेतून ऑक्सिटोसिन स्रवते, कासेतील दुग्धकोशांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि जनावर पान्हा सोडते. मानवी मातेतही यंत्रणा तीच. तेव्हा ‘बाळाला लगेच पाजायला घ्या, म्हणजे वार पडायला मदत होते’ या सुइणीच्या सल्ल्याला शरीरशास्त्रीय आधार आहे. तथापि हा आधार उपचाराची जागा घेण्याइतका भक्कम नाही. मलावीमध्ये सुइणींच्या साहाय्याने झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर त्वरित स्तनपान दिल्याने प्रसूतिपश्चात रक्तस्राव लक्षणीयरीत्या घटल्याचे आढळले नाही. लवकर स्तनपान द्यावेच, परंतु औषधाऐवजी नव्हे.

वासरू दगावलेली म्हैस पान्हा चोरते. पूर्वी अशा वेळी जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकण्याची क्रूर पद्धत होती. तिला फुका म्हणत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाने ती गुन्हा ठरविली. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस घातक असे कोणतेही द्रव्य टोचणे, हाही याच कलमाखाली गुन्हा आहे. ही पद्धत काम का करीत असे, याचा उलगडा फर्ग्युसन यांनी १९४१ मध्ये केलेल्या प्रयोगांतून होतो. जननमार्ग ताणला गेला की प्रतिक्षिप्त क्रियेने ऑक्सिटोसिन स्रवते. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके जसजसे खाली सरकते तशा कळा वाढत जातात, त्याचे कारणही हेच. फुक्याची जागा पुढे इंजेक्शनने घेतली. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यामुळे आपला जिल्हा राज्यातील आघाडीच्या दूधउत्पादक जिल्ह्यांत गणला जातो. या पट्ट्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना या इंजेक्शनची चर्चा ठाऊक असते, औषधाचे नाव मात्र ते प्रथमच वर्गात ऐकतात.

‘कळांचे इंजेक्शन’ :

कळा वाढविण्यासाठी ऑक्सिटोसिन शिरेतून, अत्यंत मंद गतीने द्यावयाचे असते. सामान्यतः मिनिटाला एक ते दोन सहस्रांश एकक इतक्या मात्रेने आरंभ करून, बाळाच्या हृदयाचे ठोके आणि कळांची वारंवारिता पाहत ती हळूहळू वाढविली जाते. आता हिशेब करून पाहू. पाच एककांची एक कुपी मिनिटाला दोन सहस्रांश एकक या गतीने दिली, तर ती संपण्यास २,५०० मिनिटे, म्हणजे एक्केचाळीस तासांहून अधिक काळ लागेल. हीच कुपी प्रसूतीपूर्वी स्नायूत टोचली, तर तो संपूर्ण साठा दोन-तीन तासांत शरीरात उतरतो. शिरेतील सलाईन बंद करता येते. टोचलेले औषध परत काढता येत नाही.

ग्रामीण भागात ‘कळांचे इंजेक्शन’ या नावाने चालत आलेली प्रथा म्हणजे नेमके हेच. उत्तर प्रदेशातील घरगुती प्रसूतींमध्ये देखरेखीविना दिल्या जाणाऱ्या अशा इंजेक्शनांचा तपशील २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदविला गेला आहे. बाळ गुदमरणे आणि गर्भाशय फाटणे हे त्याचे संभाव्य परिणाम. येथे दोष सर्वस्वी टोचणाऱ्याचा मानणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. वेदनेने तळमळणारी बाळंतीण, दारात थांबलेले नातेवाईक आणि ‘काहीतरी करा’ ही मागणी, या परिस्थितीत इंजेक्शन हे ‘काहीतरी’ करण्याचे सर्वांत सोपे साधन ठरते.

तेच औषध बाळाच्या जन्मानंतर लगेच, दहा एककांच्या मात्रेत, स्नायूत टोचले की ते जीवरक्षक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तीच आहे. औषध तेच, सुई तीच, जागा तीच. अंतर केवळ काही मिनिटांचे आणि त्या मिनिटांच्या अलीकडे विष, पलीकडे अमृत. हा मुद्दा तक्त्यातून कळत नाही.

उष्मा, कोपी आणि बेळगावचा पुरावा :

ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. उष्णतेने रेणू हळूहळू विघटित होतो. कुपी स्वच्छ, पारदर्शक दिसते, मुदतही संपलेली नसते, परंतु आतील औषधाचे सामर्थ्य घटलेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत पारा चाळीस अंशांपर्यंत चढतो आणि वीज जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींसाठी शीतकपाट असते. ऑक्सिटोसिन त्याच शीतसाखळीत ठेवावे, असे आंतरराष्ट्रीय संस्थांनी सुचविले आहे. दुर्दैवाने औषधाचा साठा एका खोलीत आणि लसींचे शीतकपाट दुसऱ्या खोलीत, एका कर्मचाऱ्याच्या किल्लीत, ही स्थिती प्रशासनाला नवी नाही. मेथिलअर्गोमेट्रिन आणि कार्बोप्रोस्ट यांनाही थंडावा लागतोच आणि मेथिलअर्गोमेट्रिनला प्रकाशापासूनही जपावे लागते. कार्बोप्रोस्ट दम्याच्या रुग्णास देता येत नाही, ही आणखी एक अडचण.

मिसोप्रोस्टॉल ही मात्र गोळी आहे. ती सामान्य तापमानात टिकते, फक्त दमटपणापासून जपावी लागते आणि तिला सुई लागत नाही. ती खरोखर उपयुक्त आहे काय, याचा निर्णायक पुरावा मराठी भाषकांच्या सीमाभागातून, बेळगाव जिल्ह्यातून आला. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी १,६२० ग्रामीण स्त्रियांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रसूती परिचारिकांनी घरी किंवा उपकेंद्रात केल्या होत्या. निम्म्या स्त्रियांना बाळाच्या जन्मानंतर ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, तर उरलेल्यांना औषधविरहित गोळी देण्यात आली. प्रसूतिपश्चात रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर उतरला. थंडी वाजणे आणि ताप येणे हे दुष्परिणाम दिसले.

या अभ्यासातील एक साधे साधन औषधाइतकेच महत्त्वाचे ठरले. रक्त किती गेले, हे डोळ्यांनी अजमावणे फसवे असते. म्हणून संशोधकांनी बाळंतिणीच्या कमरेखाली पसरावयाची, मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची चादर वापरली. तिच्याशी तुलना करता नजरेचा अंदाज सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला. मोजणीची हीच कल्पना पुढे आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा पाया ठरली. तेथे लवकर निदान आणि सर्व उपचार एकत्रितपणे देण्याच्या पद्धतीने तीव्र रक्तस्राव व त्याचे गंभीर परिणाम सुमारे साठ टक्क्यांनी घटले.

आपल्या जिल्ह्यात याचे प्रयोजन कोठे? आज बहुतेक प्रसूती रुग्णालयांत होतात, हे खरे. परंतु जामखेड, पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास जोडपी ऊसतोडणीस बाहेर पडतात ती चैत्रापर्यंत परतत नाहीत. फडाशेजारच्या कोपीत राहणारी गरोदर स्त्री आपल्या गावच्या आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत असते आणि प्रत्यक्षात शंभर कोसांवर असते. घरगुती प्रसूतीत मिसोप्रोस्टॉल उपलब्ध व्हावे, यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये मार्गदर्शिका काढली. गोळी देण्यापूर्वी पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करणे, ही तिची पहिली अट. हीच गोळी मिफेप्रिस्टोनच्या जोडीने गर्भपातासाठी वापरली जाते, त्यामुळे तिच्या विक्रीवर सतत संशयाची नजर असते. गर्भपाताविषयीच्या धास्तीची किंमत रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीने मोजावी, हे अनुचित होय.

अक्षरओळख नसलेली ग्रामीण स्त्री अशी जबाबदारी पेलू शकते काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात फार पूर्वी मिळालेले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुतांशी अल्पशिक्षित वा निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्ती म्हणून घडविले. गरोदर स्त्रीची तपासणी, जोखमीची लक्षणे ओळखणे आणि स्वच्छ प्रसूती या गोष्टी त्या करू लागल्या. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडचा अनुभव औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात येत नाही, तो यावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. औषधाची क्रिया ग्राहीपाशी सुरू होत असली तरी औषधाचा प्रवास बऱ्याच अलीकडे सुरू होतो.

२०१८ ची अधिसूचना :

जनावरांमध्ये होणाऱ्या गैरवापराचा बंदोबस्त करण्यासाठी केंद्र शासनाने एप्रिल २०१८ मध्ये एक अधिसूचना काढली. देशांतर्गत वापरासाठी ऑक्सिटोसिन बनविण्यास खासगी कंपन्यांना मनाई करण्यात आली व हे काम कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सार्वजनिक कंपनीकडे सोपविण्यात आले. जुलैपासून लागू होणारी ही मनाई पुढे सप्टेंबरपर्यंत लांबणीवर टाकण्यात आली. औषध कंपन्यांबरोबरच ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क या संघटनेनेही तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. देशात वर्षाकाठी दोन कोटींहून अधिक प्रसूती होतात. एवढ्या मातांना लागणारे औषध एकाच कारखान्यावर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे, हा युक्तिवादाचा गाभा होता. १४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली. निर्णय मनमानी असून त्याला शास्त्रीय आधार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे सोपविण्यात आले.

अशा दुधामुळे मुली लवकर वयात येतात, ही धास्ती त्या काळात वारंवार छापून येत असे. वर लिहिल्याप्रमाणे हा रेणू रक्तात काही मिनिटे टिकतो आणि पोटात गेल्यास पचतो. स्त्रीसंप्रेरकांशी त्याचे रासायनिक नातेही नाही. तेव्हा या धास्तीला औषधशास्त्रात आधार सापडत नाही. याचा अर्थ म्हशीला रोज इंजेक्शन टोचणे क्षम्य ठरते, असा नाही. सततच्या इंजेक्शनाने जनावर त्यावाचून पान्हा सोडेनासे होते आणि पुष्कळदा ते औषध बेनामी, विनालेबल बाटलीतून येते. गैरवापर त्या बाटल्यांतून होत होता. अधिसूचनेने मात्र परवानाधारक कुपीवर टाच आणली.

अध्यापनाविषयी काही सूचना :

२०१९ पासून लागू झालेल्या सक्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमात गर्भाशयाचे आकुंचन घडविणाऱ्या व ते शिथिल करणाऱ्या औषधांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यासाठी दिलेली तासिका तक्त्यात न घालविता एका प्रसंगावर बेतावी, असे सुचवावेसे वाटते. वेळ मध्यरात्र, ठिकाण उपकेंद्र, बाळ जन्मले आहे, वार पडली आहे आणि गर्भाशय हाताला मऊ लागते. बाळंतिणीला दमा आहे, रक्तदाब १५० वर १०० आहे, शीतकपाट दुपारपासून बंद आहे. हाताशी चारही औषधे आहेत. दमा म्हणून कार्बोप्रोस्ट बाद, रक्तदाब म्हणून मेथिलअर्गोमेट्रिन बाद. ऑक्सिटोसिन द्यावयाचे, पण काही तासांच्या उष्म्याने ते निकामी झाले असेल या भीतीने अडून बसावयाचे नाही, कारण सामर्थ्य एका दुपारीत नाहीसे होत नाही, आठवड्यांच्या हलगर्जीने होते. गर्भाशयाला मालीश, जोडीला मिसोप्रोस्टॉल, शिरेतून सलाईन, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल उपलब्ध असल्यास तीन तासांच्या आत आणि त्याच वेळी रुग्णवाहिकेला दूरध्वनी. वीस हजार स्त्रियांवरील २०१७ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हे शेवटचे औषध लवकर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले होते. उशिरा दिल्यास लाभ दिसला नाही.

उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे नवे औषध या चित्रात काही बदल घडवील, अशी चिन्हे आहेत. भारतासह दहा देशांतील सुमारे तीस हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनच्या तोडीस तोड ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. तूर्त उपकेंद्रातील परिचारिकेच्या हाती ऑक्सिटोसिनच आहे. तेव्हा आंतरवासितेसाठी ग्रामीण केंद्रात रुजू होणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी ऑक्सिटोसिनच्या कुप्या कोठे ठेवल्या आहेत ते पाहावे, शीतकपाटातील तापमापीवर नजर टाकावी आणि रात्रपाळीत त्याची किल्ली कोणाकडे असते, हे विचारून ठेवावे.